ताऱ्यांचे काटे : विज्ञान दिनाच्या मांडणीसाठी ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर २०२४, रविवार

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रदर्शनातील एक टेबल मी मागून घेतले आहे. अकरावीच्या दोन विद्यार्थिनी सोबत आहेत. विषय त्यांच्याच एका प्रश्नातून निघाला. प्रयोगशाळेत हबल आणि जेम्स वेब या दोन अवकाश दुर्बिणींनी टिपलेली छायाचित्रे शेजारी-शेजारी लावलेली आहेत. हबलच्या चित्रातील ठळक ताऱ्यांना चार काटे दिसतात, वेबच्या चित्रातील ताऱ्यांना आठ. “सर, मधल्या काळात ताऱ्यांचे काटे वाढले का?” हा प्रश्न थट्टेत विचारला गेला असला, तरी त्याचे नेमके उत्तर मला फळ्यावर चार ओळींत देता आले नाही. हा विवर्तनाचा, म्हणजे अडथळ्याच्या कडेपाशी प्रकाश वळून पसरण्याचा, परिणाम आहे, एवढे सांगून मी तास संपवला आणि घरी येईपर्यंत त्या उत्तराने माझे मलाच समाधान होईना.

त्यात भर म्हणजे एका छापील तक्त्यावर हे काटे “ताऱ्यातून उसळणाऱ्या ज्वाला” असल्याचे लिहिलेले आहे. तक्ता उतरवून ठेवला.

ठरवलेले काम असे : काटे ताऱ्याचे नसून दुर्बिणीचे आहेत हे आधी स्वतःच्या दुर्बिणीने दाखवायचे, मग संगणकावर हबल आणि वेब यांच्या आरशांचे आकार देऊन चार आणि आठ हे दोन्ही आकडे आपोआप बाहेर येतात का ते पाहायचे.

११ डिसेंबर, बुधवार

रात्री साडेदहानंतर गच्चीवर सहा इंची न्यूटनी दुर्बीण लावली. आरसा आमच्या हौशी मंडळाने काही वर्षांपूर्वी स्वतः घासलेला आहे. व्यास १५० मिलिमीटर, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. नळीच्या तोंडाशी असलेला छोटा तिरपा आरसा चार पातळ पत्र्याच्या पात्यांनी धरलेला आहे, आणि या चौफुलीला दुर्बीण बनवणारे सगळेच ‘स्पायडर’ म्हणतात. व्याध पुरेसा वर आल्यावर त्याच्यावर रोखताच चार काटे स्वच्छ दिसले.

मग मी नळी तिच्या कड्यांमध्ये सैल करून अंदाजे वीस अंश फिरवली. दोघींना आधी काहीही सांगितले नव्हते. दुसऱ्यांदा डोळा लावताच पहिली म्हणाली, “तारा फिरला!” दुसरीने तिला लगेच दुरुस्त केले की शेजारचे मंद तारे जागेवरच आहेत, फक्त काटे फिरले आहेत. पुढच्या सगळ्या कामाचा पाया या एका वाक्यात आला.

जाता-जाता दुर्बीण गुरूकडे वळवली. तो सध्या वृषभ राशीत रोहिणीजवळ आहे आणि प्रतियोग (सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येणे) चारच दिवसांपूर्वी होऊन गेल्याने चांगला तेजस्वी आहे. काटे त्यालाही होते, पण ते सुईसारखे बारीक नव्हते. गुरूच्या बिंबाएवढ्या रुंदीचे चार फिकट पट्टे चारी बाजूंना पसरल्यासारखे दिसत होते. बिंबावरील प्रत्येक बिंदू आपापले चार काटे काढतो आणि ते एकमेकांवर सरकून पसरट होतात, असा त्याचा अर्थ. दीर्घिकांना काटे का दिसत नाहीत याचे उत्तर मला इथे हाती लागल्यासारखे वाटते. त्याकडे नंतर येईन.

१५ डिसेंबर, रविवार

आज पुठ्ठ्याचे दोन प्रयोग केले. पहिल्यात दुर्बिणीच्या तोंडावर पूर्ण झाकण बसवून, दोन पात्यांच्या बरोबर मधल्या मोकळ्या भागात ५० मिलिमीटर व्यासाचे गोल भोक पाडले. आता प्रकाशाच्या वाटेत ना पाती ना छोटा आरसा. व्याधाचे काटे पूर्णपणे नाहीसे झाले आणि उरले एक गोल, थोडे जाडसर ठिपकेवजा बिंब. ते जाडसर होणे अपेक्षितच होते. जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये मांडलेल्या सूत्राप्रमाणे गोल तोंडाच्या दुर्बिणीत ताऱ्याच्या बिंबाची कोनीय त्रिज्या १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले व्यास इतकी असते, त्यामुळे तोंड एक-तृतीयांश केले की बिंब तिप्पट होते. आमच्या पूर्ण आरशासाठी ही त्रिज्या सुमारे ०.९ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) येते, भोकासाठी सुमारे २.८.

दुसऱ्या प्रयोगात झाकण काढून, पुठ्ठ्याची पट्टी अर्धवर्तुळात वाकवून नळीच्या तोंडावर चिकटवली. सरळ पात्यांचे चार काटे जसेच्या तसे होते, पण वाकड्या पट्टीने स्वतःचा एकही काटा दिला नाही. तिच्यामुळे ताऱ्याभोवतीचे आभाळ किंचित धुरकट झाले एवढेच. वाकड्या कडेची दिशा प्रत्येक ठिकाणी वेगळी असल्याने तिचा प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि कोणत्याही एका दिशेला साचत नाही. हौशी दुर्बिणीवाले वाकड्या पात्यांचा स्पायडर मुद्दाम बनवतात तो यासाठीच. त्यात वाया जाणारा प्रकाश वाचत नाही, तो फक्त दिसेनासा होतो, आणि हा फरक तक्त्यावर स्पष्ट लिहिला पाहिजे.

२२ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस वहीत गेला. काटा कडेला काटकोनात का येतो, हे समीकरणाशिवाय सांगता येईल का, हा प्रश्न होता. तीन वेळा खोडून शेवटी असे लिहिले :

दूरच्या ताऱ्याची प्रकाशलहर दुर्बिणीच्या तोंडावर सपाट येते. तोंडातील प्रत्येक बिंदूपासून निघालेले तरंग ताऱ्याच्या नेमक्या दिशेत एकमेकांशी पावले जुळवून पोहोचतात, म्हणून तिथे प्रकाश असतो. थोड्या कललेल्या दिशेत निरनिराळ्या बिंदूंपासूनचे अंतर कमी-जास्त होते, पावले चुकतात आणि तरंग एकमेकांना पुसून टाकतात. आता एक सरळ पाते घ्या. त्याच्या लांबीच्या दिशेने कललेल्या वाटेवर पात्यावरील बिंदूंची पावले चुकतात, त्यामुळे तिकडे काही उरत नाही. पण पात्याला काटकोनात कललेल्या वाटेवर त्याच्या संपूर्ण लांबीवरचे बिंदू एकाच पावलात राहतात, एकमेकांना पुसण्याची संधी त्यांना मिळत नाही, आणि प्रकाशाचा काही अंश त्याच दिशेने निसटतो. तोच काटा. तो पात्याच्या दोन्ही बाजूंना सारखा निसटतो, म्हणून एका सरळ कडेचे काटे नेहमी दोन, समोरासमोर.

यातून पात्यांचा हिशेबही सुटतो. चार पाती काटकोनात असतील, तर समोरासमोरची पाती एकाच रेषेत असल्याने त्यांचे काटे एकमेकांवर पडतात आणि एकूण चारच दिसतात. तीन पाती असतील, तर प्रत्येकाची रेषा वेगळी, म्हणून काटे सहा. पाती कमी करून काटे कमी होतील, अशी माझी स्वतःची समजूत बरीच वर्षे होती हे इथे कबूल करून ठेवतो.

काट्याचा विस्तार तरंगलांबी भागिले पात्याची जाडी या प्रमाणात असतो. आमची पाती १ मिलिमीटर जाडीची आहेत. हिरव्या प्रकाशासाठी काट्याचा मुख्य भाग ताऱ्यापासून सुमारे ११३ विकलांपर्यंत पोहोचतो. पाते आणखी बारीक केले तर काटा लांब होतो, पण मंदही होतो. चार पात्यांनी अडवलेले क्षेत्र आरशाच्या क्षेत्राच्या साधारण १.३ टक्के भरते, आणि बाबिने यांच्या तत्त्वानुसार जेवढा प्रकाश पाती अडवतात, जवळपास तेवढाच ती विखुरतात. म्हणजे काट्यांचा हा सारा डौल एक-सव्वा टक्क्यावर उभा आहे. व्याधासारखा तेजस्वी तारा असला की एवढाही डोळ्यात भरतो. मंद ताऱ्यांचे काटेही असतातच, पण ते पार्श्वभूमीत बुडून जातात.

२९ डिसेंबर, रविवार

संगणकावरचे काम सुरू केले. तत्त्व सोपे आहे : दुर्बिणीच्या तोंडाचा आकार काळ्या-पांढऱ्या चित्रात काढायचा, त्याचे फूरिये रूपांतर (आकारावरून विवर्तनाचे चित्र काढणारी गणिती क्रिया) घ्यायचे आणि त्याच्या परिमाणाचा वर्ग करायचा, मिळते ती त्या दुर्बिणीतून दिसणारी ताऱ्याची प्रतिमा. पायथनमध्ये हे जेमतेम वीस ओळींचे काम आहे. काटे मधल्या बिंबाच्या मानाने इतके क्षीण असतात की चित्र लॉग मापनश्रेणीवरच दाखवावे लागते.

सुरुवात साध्या वर्तुळाने केली, कारण त्याचे उत्तर माहीत आहे : एक बिंब आणि भोवती वर्तुळाकार कडी. चित्र आले ते मात्र चार काट्यांचे. पाती नाहीत, कोपरे नाहीत, निखळ वर्तुळ, आणि तरीही हबलसारखी फुली! दोन तास मी रूपांतराचा भाग तपासत बसलो. शेवटी एका विद्यार्थिनीने मूळ आकाराचे चित्र मोठे करून पाहिले. चित्रफलक ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा होता आणि वर्तुळाची त्रिज्या मी २६० दिली होती. वर्तुळ चारही बाजूंना फलकाच्या कडेवर चार-चार ठिपके कापले गेले होते आणि प्रत्येक बाजूला नव्वदएक ठिपक्यांची सपाट कड तयार झाली होती. त्या चार सपाट कडांचे हे चार काटे. त्रिज्या २०० केल्यावर फुली गेली आणि कडी आली.

चूक माझी, पण तिने शिकवलेले कोणत्याही तक्त्यापेक्षा चांगले आहे : काटा पडायला मधोमध दांडाच हवा असे नाही, तोंडाच्या कडेचा एखादा सरळ तुकडाही पुरतो. हे चुकलेले चित्र मांडणीत ठेवायचे ठरले.

५ जानेवारी २०२५, रविवार

हबल. एप्रिल १९९० मध्ये सोडलेली दुर्बीण, मुख्य आरसा २.४ मीटरचा व गोल, मध्ये दुय्यम (छोट्या) आरशाची सावली आणि त्याला धरणारी चार पाती काटकोनात. आकार दिला, चार काटे आले. इथे अडण्यासारखे काही नव्हते.

१२ जानेवारी, रविवार

वेबने मात्र आजचा दिवस खाल्ला.

वेबचा मुख्य आरसा एकसंध नाही. सोन्याचा मुलामा दिलेले बेरिलियमचे १८ षटकोनी तुकडे, प्रत्येक समोरासमोरच्या बाजूंमध्ये १.३२ मीटर, मधला एक वगळून त्याच्याभोवती सहा आणि त्यांच्याभोवती बारा असे मधमाशांच्या पोळ्यासारखे रचलेले आहेत आणि सगळे मिळून ६.५ मीटरचा आरसा होतो. या रचनेत कोठेही गोल कड नाही. बाहेरची नागमोडी सीमा असो की तुकड्यांमधल्या फटी असोत, प्रत्येक कड फक्त तीन दिशांपैकी एका दिशेची आहे. म्हणून दुय्यम आरसा धरणारे दांडे न लावता, नुसत्या मुख्य आरशाचे रूपांतर घेतल्यावर सहा लांब, देखणे काटे आले : दोन उभ्या रेषेत आणि उरलेले चार उभ्या रेषेपासून ६० अंशांवर.

मग दुय्यम आरशाचे तीन दांडे बसवले. एक उभा वर, बाकीचे दोन त्याच्यापासून १२०-१२० अंशांवर, छताच्या तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखे. चित्रात बारा काटे आले. दर तीस अंशांवर एक, घड्याळाच्या तबकडीसारखे. पुन्हा केले, पुन्हा बारा. वेबच्या कोणत्याही चित्रात बारा काटे नाहीत.

१३ जानेवारी, सोमवार

रात्री वेबच्या रचनेचा समोरून काढलेला आराखडा नीट पाहिला आणि चूक सापडली. दांडे पंख्यासारखे समान अंतरावर नाहीतच. वरचा दांडा उभा आहे, पण खालचे दोन त्याच्यापासून १५० अंशांवर आहेत. म्हणजे खालच्या दोघांमध्ये केवळ ६० अंश उरतात, जणू एखादा माणूस पाय किंचित फाकून उभा आहे. १२० च्या जागी १५० लिहिले. काटे आठ.

कोन कागदावर मांडला की यातली खुबी दिसते. खालचे दांडे उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतात, त्यामुळे त्यांचे काटे उभ्या रेषेपासून ६० अंशांवर पडतात, आणि त्याच रेषांवर आरशाच्या कडांचे चार काटे आधीच आहेत. दांड्यांच्या सहा काट्यांपैकी चार असे आरशाच्या काट्यांखाली झाकले जातात. उरतात ते फक्त वरच्या उभ्या दांड्याचे दोन आडवे काटे, आणि वेबच्या प्रत्येक चित्रात लांब सहांच्या मधोमध आडवे दिसणारे ते दोन आखूड काटे हेच. सहा अधिक सहा बारा न होता आठ होतात ते या जुळणीमुळे, आणि ही जुळणी दुर्बीण आखणाऱ्यांनी हेतुपुरस्सर केलेली आहे. काटे पुसता येत नसतील तर ते एकावर एक ठेवावेत आणि बाकीचे आकाश मोकळे करावे, हा हिशेब. प्रकल्पात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, आणि मांडणीच्या मधल्या तक्त्यावर बारा व आठ ही दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी लावणार आहे.

२६ जानेवारी, रविवार

ध्वजवंदनानंतर प्रयोगशाळा उघडून खऱ्या चित्रांशी पडताळणी केली. ११ जुलै २०२२ रोजी व्हाइट हाउसमध्ये जाहीर झालेले एसएमएसीएस ०७२३ या दीर्घिकासमूहाचे वेबचे चित्र मोठे छापून घेतले होते. कोनमापक ठेवून ठळक ताऱ्यांचे काटे मोजले. लांब काट्यांमध्ये साठ, आणि आखूड जोडी शेजारच्या लांब काट्यांपासून तीस अंशांवर. चित्रातील प्रत्येक ताऱ्याला हेच कोन, एकाच रोखाने. काटे ताऱ्यांचे असते तर इतक्या वेगवेगळ्या ताऱ्यांनी एकाच दिशेला तोंड करून उभे राहण्याचे कारण नव्हते.

याच चित्रात समूहातील दीर्घिका ४.६ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या आहेत, आणि त्यांना काटे नाहीत. गुरूवर पाहिलेले इथे कामी आले : दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला असतो, त्यामुळे तिच्या प्रत्येक बिंदूचे काटे क्षीण आणि एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून अशा चित्रात काटे असलेला ठिपका म्हणजे आपल्याच आकाशगंगेतील, तुलनेने शेजारचा तारा, असे मुलांना सांगता येते. नियम सरसकट मात्र नाही. एनजीसी ७४६९ या दीर्घिकेचे केंद्र इतके लहान आणि प्रखर आहे की वेबच्या चित्रात तिच्या मधोमध सहा काटे ठसठशीत दिसतात. ते चित्र विद्यार्थिनींनी तारा म्हणून बाजूला काढले होते. भोवतीचे सर्पिल हात दाखवल्यावर दोघी ओशाळल्या.

वेबच्या आरशाचे तुकडे जुळवून झाल्यावरचे मार्च २०२२ मधील चित्रही लावणार आहोत. त्याआधी फेब्रुवारीत सप्तर्षीतील एचडी ८४४०६ हा एकच तारा वेबला अठरा ठिकाणी विखुरलेला दिसत होता, कारण अठरा तुकडे अजून एका आरशासारखे वागत नव्हते. महिनाभराने सगळे एका पावलात आले, तेव्हाच्या चित्रात मधला तारा आपल्या सगळ्या काट्यांसह उभा आहे आणि मागे दीर्घिका दिसतात. काटे इतके रेखीव येणे ही तेव्हा आरसा नीट जुळल्याची खूण होती.

९ फेब्रुवारी, रविवार

काळ्या कार्डशीटमधून वेबचे तोंड कापले. आरशाच्या दुर्बिणीची स्वतःची पाती मध्ये येतात, म्हणून यासाठी मंडळाची ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण घेतली. तिच्या वाटेत काहीही नसते. प्रत्येक षटकोन १६ मिलिमीटरचा धरून बाहेरची नागमोडी सीमा कापायला कटरने सव्वा तास गेला आणि एका बोटालाही कट बसला. फटी कापणे शक्य नव्हते, त्या सोडल्या. मधला षटकोन चिकटवला, दीड मिलिमीटरच्या तीन पट्ट्या १५० अंशांच्या हिशेबाने लावल्या.

व्याध संध्याकाळीच वर होता. सहा काटे लगेच दिसले. आखूड दोन दिसायला डोळा स्थिरावावा लागला आणि हवा शांत होईपर्यंत थांबावे लागले, पण दिसले, आणि आडव्या रेषेतच दिसले. काट्यांवर रंगही होते. तरंगलांबी जितकी जास्त तितके विवर्तन लांबवर पोहोचते, त्यामुळे निळा आतल्या बाजूला आणि तांबडा बाहेर अशी ठिपक्यांची माळ काट्यावर लखलखत होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

तक्त्यांचा मजकूर पक्का केला. इतर दुर्बिणींसाठी एकच लहान चौकट ठेवली : २००३ मध्ये सोडलेली स्पिट्झर आणि १ जुलै २०२३ रोजी सोडलेली युक्लिड, या दोन्हींच्या दुय्यम आरशाला तीन दांडे आहेत आणि दोन्हींच्या चित्रांत सहा काटे दिसतात. चित्र पाहून दुर्बीण ओळखा, असा खेळ त्यावर ठेवला आहे.

अधिक जागा दिली ती या काट्यांमुळे होणाऱ्या खऱ्या अडचणीला. ताऱ्याजवळचा मंद ग्रह काट्याखाली किंवा ताऱ्याच्या झगमगाटात हरवतो. त्यावरचा एक उपाय म्हणजे आम्ही ११ डिसेंबरला गच्चीवर नळी फिरवून केले तेच : दुर्बीण थोडी फिरवून दुसरे चित्र घ्यायचे, दोन्ही चित्रे एकमेकांतून वजा करायची. काटे दुर्बिणीबरोबर फिरतात, ग्रह आकाशातल्या आपल्या जागी राहतो. सूर्यढालीमुळे वेबला एका वेळी जेमतेम पाच अंश इकडे किंवा तिकडे कलता येते. तरीही ताऱ्याचा प्रकाश अडवणारे पडदे आणि अशा वजाबाकीच्या युक्त्या वापरून सूर्यमालेबाहेरील ग्रहाचे वेबने थेट घेतलेले पहिले चित्र, एचआयपी ६५४२६ बी या ग्रहाचे, सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

टेबलाजवळ दिवसभर गर्दी होती. सर्वाधिक वेळ लोक थांबले ते चुकलेल्या वर्तुळाच्या चित्रापाशी. कार्डशीटचे वेबचे तोंड दुपारपर्यंत हाताळून मऊ पडले आणि एक दांडा निखळला. तेवढा वेळ सहाच काटे पडतील असे मी समजावून सांगत होतो, पण दिवसा तारा कुठून दाखवणार, म्हणून संगणकावर तो दांडा पुसून दाखवला. निखळला होता तो उभा दांडा, त्यामुळे आखूड जोडीच गेली.

चारच्या सुमारास एका विद्यार्थ्याचे आजोबा आले. त्यांनी सगळे तक्ते शांतपणे वाचले आणि म्हणाले, “मला तर रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला काटे दिसतात, माझ्या डोळ्यातही दांडे आहेत का?” डोळ्याच्या भिंगात तंतूंचे सांधे असतात आणि त्यांच्यामुळेही असे होते, चष्म्यावरच्या ओरखड्यांमुळेही होते, एवढे सांगून मी त्यांना सभागृहाच्या दारातला दिवा दाखवला आणि मान कलती करून पाहायला सांगितले. त्यांनी मान डावीकडे झुकवली, मग उजवीकडे.

“काटेही कलतात की हो,” ते म्हणाले. मग चष्मा काढून तेच पुन्हा करून पाहिले.